हसू की आसू?

पत्राने अर्धी भेट होते, असे आपली वडीलधारी माणसे म्हणत असत. ती अर्धी भेट आता दुर्मिळ झाली आहे. पोस्टमन दाराशी आला तर बँकेचा नाही तर विम्याचा कागद घेऊन येतो. खुशाली, लग्नकार्य, बाप्तिस्मा, आजारपण, मरण ही सारी वार्ता फोनवरून येते, आणि त्या निरोपातही शब्द थोडे व चित्रे फार. हसरे तोंड, रडवे तोंड, जोडलेले हात, वर केलेला अंगठा, गुलाबाचे फूल, पेटलेली मेणबत्ती. ह्या इवल्याशा चित्रांना 'इमोजी' म्हणतात, हे आता खेड्यातील लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु ती कोठून आली, कोणी ठरविली, आणि आपण पाठविलेले चित्र पलीकडच्या माणसाला तसेच दिसते की काय, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. आमच्या घरी असा एक प्रसंग घडला की तो विचार करणे आम्हांस भाग पडले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे बिऱ्हाड हुबळीत. सरकारी कागदोपत्री ह्या शहराचे नाव २०१४ पासून हुब्बळ्ळी झाले, तरी आमच्या तोंडची हुबळी काही सुटत नाही. रेल्वेच्या नोकरीपायी आमचे वडील येथे आले आणि आम्ही येथलेच होऊन गेलो. ह्या भागात माणसाचे एका भाषेवर भागत नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, गोव्याकडच्या सोयऱ्यांशी कोंकणी, शेजारघरी उर्दू. बोलण्याचे कसेही निभते. अडते ते लिहिण्यापाशी. आमच्या आत्याबाई खानापूरकडे गावी असतात. त्यांना बाळबोध अक्षराखेरीज दुसरे वाचता येत नाही. आमच्या पुतण्यांचे शिक्षण कन्नडात व इंग्रजीत झाले. ते मराठी बोलतात झकास, पण वाचावयास बसले की अडखळतात. गोव्याकडची मंडळी कोंकणी लिहितात ती रोमी लिपीत. अशा घरात एकाने लिहिलेला निरोप दुसऱ्यास वाचता येईलच असे नाही. चित्र मात्र आजीलाही कळते आणि नातवालाही कळते. निदान तसे वाटते. आत्याबाईंनी फोन हाती घेतला तो ह्याच आशेने.

ठरीव खुणेने निरोप धाडण्याची रीत तशी जुनी आहे. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. बोटांचा अर्थ त्या दोघांना ठाऊक; भोवती उभे राहणाऱ्यांना पत्ता नाही. आपल्या तारखात्याने तर शुभेच्छांचा तक्ताच छापून ठेवला होता. प्रत्येक वाक्यास एक क्रमांक. दिवाळीच्या शुभेच्छांना १, दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांना ८, नाताळच्या शुभेच्छांना ९. धाडणाऱ्याने तारेच्या कागदावर फक्त आकडा लिहावयाचा. पलीकडे पोहोचेतो त्या आकड्याचे पूर्ण वाक्य होत असे. आपल्याकडील लग्नाच्या मेजवानीत आलेल्या तारा कोणीतरी उभे राहून मोठ्याने वाची, तेव्हा एकापाठोपाठ एक तीच शुभेच्छा ऐकून मुले हसत. पण हुबळीचा ८ आणि नागपूरचा ८ ह्यांत तसूभरही फरक नव्हता. लग्नघरी चुकून कोणाचे सांत्वन होत नसे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आजची इमोजी तिच्याच वाटेने चालते. आकडा पाठवावयाचा आणि पलीकडे त्याचे काहीतरी उमटावयाचे. फरक कोठे पडला, तो आमच्या घरचा प्रसंग सांगितल्याशिवाय ध्यानात यावयाचा नाही.

काही वर्षांपूर्वी आमचे थोरले काका वारले. पहाटेच पुतण्याने घरच्या मंडळींच्या समूहात फोनवरून वार्ता कळविली. तासाभरात उत्तरे येऊ लागली. कोणी प्रार्थनेचे दोन शब्द लिहिले, कोणी जोडलेले हात धाडले, कोणी मेणबत्ती. तेवढ्यात आत्याबाईंचे उत्तर आले. त्यात शब्द एकही नव्हता. ओळीने पाच तोंडे होती, आणि पाचही पोट धरून हसणारी.

काकूंनी ते पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. फोन पालथा घालून ठेवला. वाचकांस सांगावयास हवे की बहीणभावांत गावच्या जमिनीच्या वाटणीवरून पूर्वी बोलाचाली झालेली होती. ती मिटली होती, पण मिटलेल्या गोष्टींनाही खपली असते. दुपारच्या बसने आत्याबाई आल्या तेव्हा काकूंनी मान वर केली नाही. आत्याबाईंना वाटले, दुःखामुळे असेल. दफनविधी झाला, मंडळी परतली, आणि सारे घर गप्प असताना बारा वर्षांच्या नातवाने धीर करून फोन त्यांच्यापुढे धरला.

"आजी, हे का पाठवलंस?"

"अरे, रडत होते ना मी," आत्याबाई म्हणाल्या. "बघ की, डोळ्यांतून पाणी चाललंय त्याच्या."

मुलाने ते तोंड दोन बोटांनी ताणून मोठे केले. जोंधळ्याच्या दाण्याएवढे होते ते रुपयाएवढे झाले. उघडे तोंड दिसले, दात दिसले. आत्याबाई मटकन खाली बसल्या. माजघरातून काकूंनी सारे ऐकले होते. त्या बाहेर आल्या आणि इतकेच म्हणाल्या, "वन्सं, उठा. चार घास खाऊन घ्या."

वाचकहो, दोष कोणाचा म्हणावा? आत्याबाईंच्या मनात काळे नव्हते. चित्र काढणाऱ्यानेही लबाडी केली नव्हती. त्या चित्राच्या ठरीव नावाचा अर्थच मुळी 'आनंदाश्रू ढाळणारा चेहरा' असा आहे. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली 'वर्षाचा शब्द' म्हणून ज्याची निवड केली ते हेच चित्र. म्हणजे जगात ते किती चालते ह्याची कल्पना यावी. आत्याबाईंना हवे होते ते 'मोठ्याने रडणारा चेहरा' नावाचे चित्र. पहिल्याचा क्रमांक १,२८,५१४ आणि दुसऱ्याचा १,२८,५५७. संगणकवाले हे आकडे सोळाच्या हिशोबाने लिहितात. आम्ही ते आपल्या नेहमीच्या दशमानात सांगत आहोत. हसू आणि आसू ह्यांत केवळ ४३ आकड्यांचे अंतर! पण हे क्रमांक आले कोठून?

ह्या चित्रांचे जन्मस्थान जपान. जपानी भाषेत 'ए' म्हणजे चित्र व 'मोजी' म्हणजे अक्षर, त्यापासून 'इमोजी'. इंग्रजीतील भावनावाचक शब्दाशी त्याचे साम्य दिसते ते केवळ योगायोगाने. जपानात १९९७ साली एका कंपनीने फोनमध्ये अशी चित्रे घातली होती. पुढे १९९९ मध्ये डोकोमो ह्या कंपनीसाठी शिगेताका कुरिता ह्या तरुणाने १७६ चित्रांचा संच केला. प्रत्येक चित्रास आडवे १२ व उभे १२ असे १४४ ठिपकेच काय ते वापरावयास होते. आपल्याकडील बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात, तीतही कधीकधी ह्याहून अधिक ठिपके असतात. हवामानाच्या खुणा, रस्त्यावरील पाट्या, चित्रकथांतील चेहरे ह्यांवरून त्याने ते संच रचिले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये ती चित्रे आपल्या संग्रहात घेतली.

परंतु तेथे एक घोळ होता. जपानातील प्रत्येक फोनकंपनीचा तक्ता निराळा होता. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने धाडलेले फूल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर भलतेच काही होऊन उतरे किंवा काहीच उतरत नसे. आपल्या मराठीचे पूर्वी असेच हाल होते. एका फाँटात जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य खुणांचा ढीग दिसे, हे छापखान्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना चांगले आठवत असेल.

ह्या रोगावरील औषध म्हणजे 'युनिकोड'. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षरास एकच क्रमांक द्यावयाचा व तो सर्वांनी मानावयाचा, असा हा करार आहे. तो सांभाळणारी संस्था १९९१ साली अमेरिकेत नोंदली गेली आणि त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी व कन्नड ह्या दोन्ही लिपींना जागा मिळाली. भारतीय लिपींची मांडणी करताना आपल्याच देशातील तज्ज्ञांनी आधी केलेला तक्ता आधारास घेतला होता, आणि त्यात एक सुंदर व्यवस्था होती. आपल्या बहुतेक लिपींची वर्णमाला एकच असल्याने प्रत्येक लिपीस सारख्याच क्रमाने आसने मांडली. देवनागरी 'क' चा क्रमांक २,३२५. कन्नड 'क' चा ३,२२१. अंतर ८९६. देवनागरी 'ख' आणि कन्नड 'ख' ह्यांतील अंतरही ८९६ च. जणू दोन समांतर रांगांत पंगत बसली आहे आणि क च्या समोर क, ख च्या समोर ख. सीमेवरच्या आम्हां लोकांना भाषेवरून झालेली भांडणे पुष्कळ पाहावी लागली. पण फोनच्या पोटात ह्या दोन बहिणी इतक्या शिस्तीने समोरासमोर बसल्या आहेत हे कळले तेव्हा बरे वाटले.

ह्याच करारात इमोजींना घ्यावे, असा प्रस्ताव गूगल व ॲपल ह्या कंपन्यांच्या लोकांनी २००९ साली रीतसर मांडला, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये निघालेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत शेकडो चित्रांना कायमचे क्रमांक मिळाले. त्याच आवृत्तीत आपल्या रुपयाचे चिन्हही दाखल झाले. मुंबईच्या आय. आय. टी. मधील उदय कुमार ह्यांनी देवनागरी 'र' व रोमी 'आर' ह्यांचा मेळ घालून काढलेले ते चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले होते. तीन महिन्यांत त्यास ८,३७७ हा क्रमांक मिळाला. रुपया आणि हसरे तोंड एकाच दाराने आत आले म्हणावयाचे.

नवे चित्र हवे असल्यास काय करावे लागते? अर्ज कोणीही करू शकतो. २०१६ साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या, मूळच्या सौदी अरेबियाच्या रयूफ अलहुमैदी ह्या पंधरा वर्षांच्या मुलीने, डोईवर ओढणी घेतलेल्या बाईचे चित्र असावे म्हणून अर्ज केला, आणि पुढच्याच वर्षी ते चित्र मिळाले. अर्जात मात्र पुरावा द्यावा लागतो. हे चित्र पुष्कळ लोक वापरतील काय? आधीच्या एखाद्या चित्राने ते काम भागत नाही काय? ते इवल्या आकारात ओळखू येईल काय? देवदेवतांची, विशिष्ट व्यक्तींची, विशिष्ट इमारतींची किंवा व्यापारी शिक्क्यांची चित्रे घेत नाहीत. छाननी होऊन चित्र फोनवर येईतो बहुधा दीड-दोन वर्षे जातात. इतकी सावधगिरी का, तर एकदा दिलेला क्रमांक परत घेता येत नाही. आज अशी साडेतीन हजारांहून अधिक चित्रे आहेत आणि दरवर्षी त्यांत थोडी भर पडते.

ह्या यादीत कोण आधी व कोण मागून आले, ह्यावरूनही गैरसमज होतात. चर्चचे चित्र २००९ सालीच युनिकोडमध्ये आले. हिंदू देवळाचे चित्र आले २०१९ मध्ये. एका परिचिताने ह्यावरून आम्हांस टोमणा मारला, की तुमच्या लोकांचा वशिला मोठा! वस्तुस्थिती निराळी आहे. जपानी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चिन्हांच्या संचात नकाशावर दाखविण्याच्या अनेक खुणा होत्या. त्यांत शिंतो देऊळ होते आणि चर्चही होते. तो संच जसाच्या तसा युनिकोडने घेतला, एवढेच. ज्यांनी आधी तक्ता केला त्यांच्या गावातील वस्तू आधी आल्या. बाकीच्यांना मागाहून आपले मागून घ्यावे लागले. हिंदू देवळाबरोबरच २०१९ मध्ये साडी, पणती आणि हुबळीच्या स्टेशनाबाहेर उभी असते तशी तीनचाकी रिक्षा, अशी चित्रे आली. जो अर्ज करीत नाही त्याचे चित्र होत नाही, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. युनिकोड क्रमांक ठरविते, नाव ठरविते, नमुन्याचे एक साधे चित्र दाखविते. प्रत्यक्ष चित्र कसे रंगवावे हे ज्या त्या कंपनीवर सोपविलेले असते. म्हणजे आपल्या फोनवरून जातो तो आकडा. पलीकडचा फोन आपल्या जवळचे चित्र काढून दाखवितो. २०१६ साली ॲपलने बंदुकीच्या चित्राऐवजी पिचकारी दाखवावयास सुरुवात केली. इतर बहुतेक कंपन्यांनी तसे केले ते २०१८ च्या सुमारास. मधल्या काळात एखाद्या मुलाने गंमतीने पिचकारी धाडली तर दुसऱ्याच्या हातात खरी पिस्तूल पोहोचे. आकडा तोच, चित्र वेगळे. आणि चित्र तेच असले तरी अर्थ वेगळा असू शकतो. जोडलेले हात जपानात 'कृपा करा' किंवा 'आभारी आहे' असे सांगतात; आपल्या शेजाऱ्यास तो नमस्कार वाटतो; आपणांस ती प्रार्थना वाटते. तिघेही बरोबर आहेत.

ह्याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आमच्या हुबळीतच आहे. शहराच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ ही १९५७ साली स्थापन झालेली संस्था आहे. भारतीय मानक संस्थेचा परवाना घेऊन राष्ट्रध्वज बनविणारी म्हणून ती देशभर ओळखली जाते. ध्वजासाठी लागणारे खादीचे कापड बागलकोटकडच्या मागांवर विणले जाते. धारवाडजवळचे गरग गावही ध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. बेंगेरीत काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. कापणे, रंगविणे, चक्र छापणे, शिवणे, दोर बसविणे, सारे ठरलेल्या मापाने. लांबी व रुंदीचे प्रमाण ३ : २. मापे नऊ, सर्वांत मोठा ध्वज ६,३०० मिलिमीटर लांब व ४,२०० रुंद, सर्वांत लहान १५० व १००. चक्रास आरे २४, आणि ते दोन्ही बाजूंनी अचूक एकावर एक आले पाहिजे. रंगाची छटा, धाग्यांची संख्या, टाके, सर्व तपासले जाते. स्वतंत्र भारतातील मानक संस्थेच्या यादीत पहिला क्रमांक आहे तो ह्या ध्वजाच्या मानकाचा. आपल्या देशाने सर्वांआधी मोजून मापून ठरविले ते आपले चिन्ह, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तोच ध्वज फोनमध्ये कसा आहे ते पाहा. युनिकोडने कोणत्याही देशाच्या ध्वजास स्वतंत्र क्रमांक दिलेला नाही. रोमी वर्णमालेतील २६ अक्षरांची खास चिन्हे तेवढी ठेविली आहेत. भारतासाठी 'आय' व 'एन' ही दोन चिन्हे शेजारी ठेवली की फोन तिरंगा दाखवितो. कोणता प्रदेश देश मानावा आणि कोणता मानू नये, ह्या वादात न पडण्याची ही युक्ती आहे. काही संगणकांवर मात्र ध्वज उमटतच नाही. नुसती दोन अक्षरे दिसतात. बेंगेरीतील बाई एक टाका चुकला तर ध्वज बाजूला काढते. फोनमधील ध्वज मात्र ज्याला जसा जमेल तसा दाखवावा, अशी मोकळीक आहे. पुढे कापडी ध्वजाच्या नियमांतही मोकळीक आली. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावर केलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांस परवानगी मिळाली, त्यामुळे घरोघरी ध्वज स्वस्त झाला, आणि खादीच्या कामगारांच्या हातचे काम मात्र कमी होण्याची चिंता उभी राहिली. नियम सैल केला की वस्तू लवकर पसरते. पण काही किंमत कोणाला तरी द्यावीच लागते. इमोजीचेही तसेच झाले आहे. ती जगभर पसरली ती सैलपणामुळेच. आणि आत्याबाईंनी त्या दुपारी जी किंमत दिली तीही त्याच सैलपणाची.

ही नुसती भावनेची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. शेतकरी बांधवांसाठी एक परदेशी खटला सांगतो. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२१ साली एका धान्यखरेदी कंपनीने जवसाच्या सौद्याचा कागद फोनवर धाडला व मान्यता कळवा म्हणून लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल वर केलेला अंगठा पाठविला. पुढे भाव चढला. माल काही पोहोचला नाही. कंपनी न्यायालयात गेली. शेतकऱ्याचे म्हणणे, कागद मिळाला एवढेच मला सांगावयाचे होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ह्या दोघांतील पूर्वीचे सौदेही अशाच त्रोटक होकाराने झाले असल्याने हा अंगठा सहीच्या बरोबरीचा आहे. सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम केला. आपल्याकडे अंगठा म्हटला की शाईचा अंगठा आठवतो आणि माणूस दहा वेळा विचार करतो. अमरगोळच्या बाजारआवारातील व्यापाऱ्यास फोनवर अंगठा दाखविताना तितकाच विचार करावा.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग ही चित्रे टाकूनच द्यावी. तसे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात आजीची लिपी नातवाला वाचता येत नाही, तेथे एक गुलाबाचे फूलही पुष्कळ काम करते. आणि ह्या चित्रांच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यापासून आम्हांस त्यांच्याविषयी माया वाटू लागली. मराठीत 'र' ला 'य' जोडून तो अर्धचंद्रासारखा आडवा लिहावयाचा असला की लेखनात कधीकधी एक अदृश्य चिन्ह मध्ये घालतात. त्यास रुंदी नाही, रूप नाही, आवाज नाही. काम एकच, शेजारच्या अक्षरांना हवे तसे जोडणे. त्याचा क्रमांक ८,२०५. हेच चिन्ह इमोजीतही वापरले जाते. आई, वडील, मुलगी व मुलगा असे कुटुंबाचे जे चित्र दिसते ते एक चित्र नव्हे. ती चार निरनिराळी माणसे आहेत आणि त्यांच्यामध्ये हे अदृश्य चिन्ह तीनदा आले आहे. फोन जुना असला व त्यास ते चिन्ह कळले नाही, तर चौघे सुटे होऊन ओळीने उभे राहतात. कुटुंब दिसत नाही. आपल्या घरातही जोडणारे दिसत नाही. ते समजून घेणारा कोणी असला तरच घर एक दिसते.

युनिकोडने आपले काम चोख केले आहे. आत्याबाईंनी जो आकडा दाबला तोच आकडा, एकही अंक न चुकता, क्षणात हुबळीस पोहोचला. आकडा पोहोचविण्याची हमी तो करार देतो. मन पोहोचविण्याची हमी तो देत नाही, आणि तशी अपेक्षाही त्याच्यापासून करू नये. ते काम धाडणाऱ्याचे आहे, आणि घेणाऱ्याचेही आहे.

म्हणून घराघरांतील मंडळींस आमच्या तीन सूचना आहेत. घरातील मुलांनी वडीलधाऱ्यांजवळ बसून नेहमी लागणारी दहा-बारा चित्रे मोठी करून दाखवावी व त्यांचा अर्थ सांगावा. पैशाच्या व्यवहारात चित्राने होकार देऊ नये. 'मान्य आहे' किंवा 'विचार करून सांगतो' असे शब्दांत लिहावे. आणि एखाद्याचे उत्तर विचित्र वाटले, तर मनात धरून ठेवण्याआधी त्यास विचारावे. आमच्या घरी विचारण्याचे धैर्य बारा वर्षांच्या मुलाने केले; मोठ्यांपैकी कोणालाही ते सुचले नव्हते.

आनंदाच्या प्रसंगी वाटेल तितकी फुले व केक धाडावे. तेथे थोडे इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही. दुःखाच्या दारी मात्र चित्राबरोबर दोन शब्द अवश्य न्यावे. लिहिता येत नसेल तर बोलावे. फोनला अजून कान आहेत.